‘गेट’ : एका लहानशा इंग्रजी क्रियापदाचा पसारा

शाळेतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी कार्यक्रमाच्या निमित्ताने पुन्हा वसतिगृहाच्या अंगणात जमतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, अर्ज लिहिता येतो, कार्यालयीन पत्राचा मसुदाही करता येतो. परंतु साहेब किंवा सहकारी सहज बोलू लागले की अर्धे कळते आणि अर्धे निसटून जाते. ही तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्या मुळाशी काय असावे याचा शोध घेणे आम्हांला आवश्यक वाटले. आमचा मूळ विषय इतिहास. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला एकाच विषयाच्या कुंपणात राहता येत नाही आणि इंग्रजीचे तास घेता घेता या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अनपेक्षित जागी सापडले.

आमचे निरीक्षण असे की मराठी माध्यमातील मुलांना अडवतात ते इंग्रजीतील मोठे शब्द नव्हेत. मोठ्या शब्दाला साधारणतः एकच अर्थ असतो. ‘कॉन्स्टिट्यूशन’ म्हणजे संविधान, ‘स्कॉलरशिप’ म्हणजे शिष्यवृत्ती. कोश उघडला की काम झाले. अडवतात ते दोन-चार अक्षरांचे चिमुकले शब्द : गेट, पुट, टेक, सेट, रन, गो. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. त्यात सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची असावी? एखाद्या शास्त्रीय संज्ञेची नव्हे, तर ‘सेट’ या क्रियापदाची. तिच्याखाली चारशेहून अधिक अर्थ दिलेले आहेत. ‘गेट’ त्याच कुळातला. रोजच्या बोलण्यात मात्र तो कानांवर अधिक पडतो, म्हणून या लेखासाठी आम्ही तोच निवडला आहे.

प्रारंभीच एक खुलासा. मराठीत ‘गेट’ म्हटले की डोळ्यांपुढे फाटक उभे राहते. इंग्रजीत फाटकाच्या ‘गेट’मधला ए लांब उच्चारला जातो, आपल्या क्रियापदातला आखूड. देवनागरीत आखूड ए दाखविण्याची सोय नसल्यामुळे दोन्ही शब्द एकसारखेच लिहावे लागतात. पुढे सर्वत्र ‘गेट’ म्हणजे क्रियापद असेच समजावे. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. आपल्या मुलांच्या कानांवर हे क्रियापद प्रथम पडते ते बहुधा ‘गेट अप’ आणि ‘गेट आउट’ या दोन आज्ञांतून. ज्या शब्दाची पहिली ओळख वर्गाबाहेर काढले जाताना होते, त्याच्याशी पुढे मैत्री जुळण्यास थोडा वेळ लागला तर नवल नाही.

आता या शब्दाचा पसारा पाहू. पुढील वाक्ये इंग्रजी घरांतून, कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून दिवसभर ऐकू येतात. ‘आय गॉट युअर लेटर’ : तुमचे पत्र मिळाले. ‘वी गॉट टू नागपूर ॲट सिक्स’ : आम्ही सहा वाजता नागपूरला पोहोचलो. ‘इट इज गेटिंग डार्क’ : अंधार पडू लागला आहे. ‘ही गॉट अँग्री’ : त्याला राग आला. ‘आय गॉट माय शूज रिपेअर्ड’ : मी बूट दुरुस्त करून घेतले. ‘ही गॉट बीटन’ : त्याला मार बसला. ‘आय हॅव गॉट टू गो’ : मला जावे लागेल. ‘आय गॉट टू मीट हर’ : मला तिला भेटण्याची संधी मिळाली. ‘डू यू गेट इट?’ : कळले का? क्रियापद एकच, पण मराठीत आपण मिळणे, पोहोचणे, पडणे, येणे, घेणे, बसणे, लागणे, कळणे असे जवळजवळ दरवेळी नवे क्रियापद वापरले. ‘गेट म्हणजे मिळवणे’ एवढेच पाठ करून गेलेला विद्यार्थी यांतील एका-दोन वाक्यांपलीकडे कोठे टिकणार?

हे ऐकून काही पालक म्हणतात, काय ही विचित्र भाषा! त्यांना आम्ही आपल्या घरातले ‘लागणे’ हे क्रियापद दाखवतो. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. परीक्षेचा निकाल लागतो, मग नोकरी लागते. चहा गोड लागतो, घाटात गाडी लागते, रात्री उशिरा डोळा लागतो. तो माझा मामा लागतो. पाऊस पडू लागतो. काम असले तर जावे लागते, आणि जाण्यास वेळ लागतो. एखाद्या परक्या माणसाने मराठी शिकताना ‘लागणे म्हणजे स्पर्श होणे’ एवढेच पाठ केले असेल, तर ‘मुलाला नोकरी लागली’ हे वाक्य ऐकून तो काय समजेल? मोल्सवर्थ यांनी आपल्या मराठी-इंग्रजी कोशात या एका शब्दासाठी अर्थांची लांबलचक रांग मांडली आहे. त्या परक्या साहेबाला आपल्या ‘लागणे’ने किती दमवले असेल याची कल्पना त्यावरून येते. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. म्हणजे ज्या अडचणीतून आपली मुले आज जात आहेत, त्याच अडचणीतून आपल्या भाषेपाशी आलेले इंग्रज दीडशे वर्षांपूर्वी गेले आहेत.

‘गेट’चा जन्म इंग्लंडात झालेला नाही. इ. स. ७९३ मध्ये उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न या बेटावरील मठावर समुद्रमार्गे आलेल्या स्कँडिनेव्हियन टोळ्यांनी हल्ला केला. पुढील काळात हे लोक लुटून परत जाण्याऐवजी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती करून राहू लागले. शेजार आला, सोयरीक आली, बाजार आला आणि त्याबरोबर शब्दही आले. आजच्या इंग्रजीतील ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘हजबंड’, ‘लॉ’, ‘राँग’, ‘टेक’ हे शब्द त्या लोकांचे. फार काय, ‘ते’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचेच. एखादी भाषा परक्यांकडून वस्तूंची नावे घेते हे आपण जाणतो. मराठीनेही पोर्तुगिजांकडून चावी, पगार, बटाटा, घमेले घेतले आणि फारसी-अरबीतून अर्ज, वकील, कागद घेतले. परंतु सर्वनाम उसने घ्यावे इतकी जवळीक विरळाच. याच ओघात त्यांचे ‘गेटा’ हे क्रियापद इंग्रजीत आले आणि सुमारे इ. स. १२०० पासून ते ‘गेट’ या रूपात रुळलेले दिसते. त्याचा मूळ अर्थ हस्तगत करणे, प्राप्त करणे.

मूळ इंग्रजीत या शब्दाचा एक भाऊबंद आधीपासून होता; पण तो एकटा न वावरता जोडशब्दांत राहत असे. ‘फरगेट’ हा त्यांपैकी एक. हातात धरलेले निसटणे म्हणजे विसरणे, अशी त्याची घडण आहे. भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी लॅटिनमधील ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूचाही संबंध जोडतात, आणि त्या लॅटिन धातूपासून इंग्रजीत ‘काँप्रिहेंड’, म्हणजे आकलन होणे, आणि ‘प्रिझन’, म्हणजे तुरुंग, असे दोन शब्द आले. पकडलेला विचार आणि पकडलेला माणूस, दोघेही एकाच धातूचे वंशज! ‘डू यू गेट इट?’ या प्रश्नात ‘गेट’ला कळण्याचा अर्थ कोठून आला, हे आता सांगावयास नको. पालीचा अभ्यास केलेल्यांना तर हा मार्ग परिचयाचाच वाटेल. ‘गण्हाति’ म्हणजे घेतो, पकडतो. त्याला उपसर्ग लागून ‘उग्गण्हाति’ झाले की अर्थ होतो शिकतो, ग्रहण करतो. मनाने शिकणे आणि हाताने धरणे यांचे नाते अनेक भाषांनी ओळखले आहे.

यापुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, चर्च यांची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘अराइव्ह’ हे शब्द त्या वाटेने आले. परिणाम असा झाला की इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी दोन दोन शब्द राहिले : एक घरातला, दुसरा कचेरीतला. मुलगी आईला ‘आय गॉट युअर लेटर’ लिहील. बँक ग्राहकाला ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ लिहील. आपल्या शाळांतून इंग्रजी शिकवले गेले ते मुख्यतः पुस्तकांतून आणि पत्रलेखनातून. भाषांतर पाठमालेच्या पद्धतीने एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द जोडून दिला गेला. त्यामुळे आमच्या पिढीला कचेरीतला शब्द आधी भेटला आणि घरातला भेटलाच नाही. मुलाखतीस गेलेला आपला मुलगा ‘आय ऑब्टेन्ड द बस ॲट नाइन’ म्हणतो तेव्हा तो व्याकरणात फारसा चुकत नाही. तो केवळ ‘मला बस प्राप्त झाली’ असे बोलत असतो.

या ठिकाणी एक विषयांतर करतो. विदर्भात ‘पुस्तक भेटले’ म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘घावले’, कोकणात ‘गावले’, पुण्याच्या पुस्तकात ‘मिळाले’ आणि शासकीय पत्रात ‘प्राप्त झाले’. आमच्या वसतिगृहात या सर्व भागांतील मुले एका पंगतीत बसत आली आहेत. ‘भेटले’ म्हणणाऱ्या मुलाला हसण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आम्हांला ती कधीही पटली नाही. इंग्लंडातही ‘गेट’ हा गबाळा शब्द आहे, निबंधात वापरू नये, असे शिक्षक मुलांना बजावत आले. शब्द मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून जगला, कारण लोकांची त्याच्यावाचून अडचण होत होती. परीक्षेत प्रमाण रूप लिहावे, हे आम्हीही सांगतो. परंतु आजीच्या तोंडचा शब्द चुकीचा असतो, असे मुलाला सांगण्याचा अधिकार व्याकरणाने कोणासही दिलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हस्तगत करणे या अर्थाच्या शब्दाला पोहोचणे आणि होणे हे अर्थ कसे चिकटले? याचे उत्तर आम्हांला इंग्रजी व्याकरणात मिळाले नाही. ते जुन्या मराठी पत्रांत मिळाले. इतिहासाच्या अभ्यासात मोडी पत्रांची लिप्यंतरे वाचावी लागतात. त्यांत ‘पत्र पावले, मजकूर कळला’ अशा धर्तीचा मजकूर पुनःपुन्हा येतो. येथे पावणे म्हणजे मिळणे. पत्रावर पत्ता लिहिताना ‘यांस पावे’ लिहीत. येथे पावणे म्हणजे पोहोचणे. आणि ‘मरण पावला’, ‘नाश पावला’, ‘प्रसिद्धी पावला’ हे प्रयोग तर आजही चालू आहेत. येथे पावणे म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. मिळणे, पोहोचणे, होणे : ‘गेट’चे तीन मुख्य अर्थ आपल्या एकट्या ‘पावणे’त एके काळी सुखाने नांदत होते. संस्कृतातील ‘प्राप्नोति’, पालीतील ‘पापुणाति’ आणि मराठीतील ‘पावणे’ ही एकच परंपरा आहे. आज हे क्रियापद आटत आटत पैशांच्या पावतीपुरते, नवसाला पावणाऱ्या देवापुरते आणि निधनवार्तेपुरते उरले आहे. इंग्रजीने आपला ‘गेट’ वाढवत नेला, आपण आपला ‘पावणे’ कोपऱ्यात ठेवला, इतकाच फरक.

यातील विचाराची साखळी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखविता येते. वस्तू मिळाली म्हणजे ती माझ्यापर्यंत आली. मी गावी पोहोचलो म्हणजे मी त्या जागेपर्यंत आलो. मी थकलो म्हणजे मी थकव्याच्या अवस्थेपर्यंत आलो. तिन्हीत कोणीतरी कोठेतरी येऊन ठेपते. म्हणूनच ‘गेट’चा अर्थ ठरविण्यासाठी त्याच्याकडे टक लावून पाहू नये, त्याच्या पुढे काय येते ते पाहावे. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे. ‘टू’ आणि ठिकाण असेल तर पोहोचणे. ‘टायर्ड’, ‘ओल्ड’, ‘बेटर’ यांसारखे विशेषण असेल तर होणे. ‘शी इज गेटिंग बेटर’ म्हणजे तिला काही अधिक चांगले मिळत आहे असे नव्हे. तिची प्रकृती सुधारत आहे. दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनींना हा भेद पहिल्या आठवड्यातच शिकावा लागतो.

‘हॅव गॉट’ या जोडीने मात्र हुशार मुलेही फसतात. रूप भूतकाळी, अर्थ वर्तमानकाळी. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत. कोठून मिळाले नाहीत. जे मिळवून झाले ते आता माझ्यापाशी आहे, या वाटेने हा अर्थ निघाला. आणि त्याच्या पुढे क्रियापद आले की ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे जावेच लागेल. घाईच्या बोलण्यात त्याचे ‘गॉट्टा’ होते आणि चित्रपट पाहणाऱ्या मुलांना ते आमच्याआधी कळलेले असते. अमेरिकेत याच क्रियापदाचे ‘गॉटन’ असेही एक रूप ऐकू येते. ते अशुद्ध नव्हे. इंग्लंडने टाकलेले जुने रूप समुद्रापलीकडे शिल्लक राहिले आहे. ‘फरगॉटन’मध्ये इंग्लंडलाही ते टाकता आले नाही.

करून घेण्याच्या अर्थाचा ‘गेट’ आम्हांला सर्वांत शिकविण्याजोगा वाटतो. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी काल केस कापले.’ सर्वांना ठाऊक असते की कापणारा दुसराच होता. परंतु ‘आय कट माय हेअर’ म्हटले की इंग्रज माणूस समजतो, याने स्वतःच कात्री चालवली. तेथे ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणावे लागते. काम सांगणारा कोण आणि काम करणारा कोण, हा भेद त्या रचनेत पाळला जातो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ असे वाक्य असते, तेव्हा आम्ही वर्गात थांबतो. १६३२ च्या सुमारास सुरू होऊन दोन दशकांपर्यंत चाललेल्या त्या कामात बादशहाने दगड उचलला नव्हता. त्याने बांधवून घेतला, बांधला तो हजारो पाथरवटांनी, गवंड्यांनी, मजुरांनी. ‘बांधला’ आणि ‘बांधवून घेतला’ या दोन क्रियापदांमधल्या जागेत ही सर्व माणसे हरवतात. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर बांधकाम करणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. इतिहासात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे. ‘गॉट बिल्ट’ शिकवताना हा विचार मुलांपुढे ठेवला तर इंग्रजीचा आणि इतिहासाचा तास एकाच घंटेत होतो.

याहून नाजूक आहे तो ‘ही गॉट बीटन’ मधला ‘गेट’. ‘ही वॉज बीटन’ आणि ‘ही गॉट बीटन’ या दोहोंचे भाषांतर ‘त्याला मारहाण झाली’ असे करता येईल. तरी दोन्ही वाक्ये सारखी नाहीत. ‘वॉज’ असलेले वाक्य घडलेली घटना नोंदवते. ‘गॉट’ असलेले वाक्य बोलीतले आहे. त्यात मारणाऱ्याचे नाव क्वचितच येते, आणि प्रसंगी त्याने ते स्वतःवर ओढवून घेतले असावे अशी एक पुसट छटाही येते. मराठीतही ‘त्याला मारले’ आणि ‘त्याने मार खाल्ला’ यांत हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यात ज्याच्या पाठीवर वळ उठले तोच कर्ता होऊन बसतो आणि काठी कोणाच्या हातात होती हे विचारावयाचे राहून जाते. आपल्यापैकी कित्येकांवर कधी ना कधी तक्रार अर्ज, निवेदन किंवा वृत्त इंग्रजीत लिहिण्याची वेळ येते. तेथे ‘गॉट बीटन’, ‘गॉट इंजर्ड’ असे लिहू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कोणी मारले ते माहीत असेल तर ते नाव वाक्याच्या आरंभी घालावे आणि सरळ ‘बीट’ हे क्रियापद लिहावे. माहीत नसेल तर ‘वॉज बीटन’ लिहावे. ‘गॉट सिलेक्टेड’, ‘गॉट प्रमोटेड’ यांना बोलण्यात काही हरकत नाही. आनंदाच्या बातमीत एवढी काटेकोर चौकशी कोणी करीत नाही.

राहता राहिले ‘गेट’ला चिकटणारे छोटे शब्द. यांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही, परंतु मराठीतले जोडीदार सापडले की ते स्मरणात राहतात. ‘दे डोन्ट गेट अलाँग’ म्हणजे त्यांचे पटत नाही. ‘वी गेट बाय’ म्हणजे आमचे भागते. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही; येथे आपला ‘लागणे’ पुन्हा मदतीस आला. दुःखातून सावरणे म्हणजे ‘गेट ओव्हर’. आणि ‘ही गॉट अवे विथ इट’ याला कोशात पाहिले तर ‘शिक्षा न होता सुटणे’ असा लांबलचक अर्थ मिळतो, पण गावातला कोणीही माणूस त्याचे एका शब्दात भाषांतर करील : पचवले.

वाहनांच्या बाबतीत एक गमतीचा नियम आहे. बस, आगगाडी, विमान यांत चढणे म्हणजे ‘गेट ऑन’ आणि उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ’. मोटार आणि रिक्षा यांत मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते किंवा ज्याच्यावर स्वार व्हावे लागते तेथे ‘ऑन’, ज्यात अंग चोरून शिरावे लागते तेथे ‘इन’. म्हणून सायकल आणि घोडा बसच्या पंगतीत बसतात. रिक्षावाल्याने प्रवाशाला ‘गेट आउट हिअर’ म्हटले तर तो अपमान करीत नाही, केवळ उतरावयास सांगत असतो. उलट पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत ‘आय डिडन्ट गेट यू’ असे जे म्हणतात, ते मुख्यतः आपल्याकडचे वळण आहे. इंग्लंडचा माणूस बोलणे कळले नाही तर ‘आय डिडन्ट गेट दॅट’ म्हणेल, कारण त्याला निसटलेले वाक्य हवे असते, समोरचा माणूस नव्हे. आपले वळण आपल्या देशात चालते, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्यांनी तेवढा फरक ध्यानात ठेवावा.

शेवटी ‘गेट बॅक टू’ याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या एका माजी विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागली आहे. घरातला पहिला पदवीधर. एका मोठ्या शहरातील कंपनीत त्याची मुलाखत झाली. प्रश्नांची उत्तरे त्याने नीट दिली. उठताना समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, ‘वी विल गेट बॅक टू यू.’ त्याला ‘बॅक’ आणि ‘यू’ हे शब्द स्पष्ट ऐकू आले, चेहऱ्यावरचे हसू दिसले, आणि आपल्याला पुन्हा बोलावणार, म्हणजे आपली निवड झाली, असे त्याने धरले. त्याने घरी तसे कळवले. तालुक्याच्या ठिकाणी चालून आलेले तात्पुरते लिपिकाचे काम त्याने त्याच भरवशावर नाकारले. पत्र आले नाही. चार महिन्यांनी तो आमच्यापुढे बसून विचारत होता की आपले काय चुकले. आम्ही त्याला सांगितले की त्याचे काही चुकले नव्हते. शाळेने आणि महाविद्यालयाने त्याला जे इंग्रजी दिले त्यात हे वाक्य नव्हतेच.

‘वी विल गेट बॅक टू यू’ याचा अर्थ ‘आम्ही नंतर कळवू’ एवढाच. त्यात होकार नाही आणि नकारही नाही. अनेकदा सौम्य नकार याच शब्दांत गुंडाळून दिला जातो. मुलगी पाहून गेलेले पाहुणे ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणतात, त्याचा अर्थ मुलीच्या बापाला जसा समजतो, तसाच हा समजून घ्यावा. असे कोणी म्हटले तर घाबरून न जाता उभे राहून नम्रपणे विचारावे : ‘बाय व्हेन मे आय एक्स्पेक्ट टू हिअर फ्रॉम यू?’ म्हणजे कधीपर्यंत कळेल? तारीख मिळाली तर ती वहीत लिहावी. ती उलटून गेल्यावर दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवून चौकशी करावी. त्यात कमीपणा नाही, कचेऱ्यांना त्याची सवय असते. आणि तोपर्यंत हातात आलेले दुसरे काम सोडू नये. हे वाक्य आणि त्याचे उत्तर आम्ही आता दहावीच्या प्रत्येक तुकडीकडून निरोपापूर्वी मोठ्याने म्हणवून घेतो.